माकुणसारची उनाड रोपं

बोईसर

द्रवरूप नायट्रोजनचं भांडं घेऊन रिक्षात बसू नये. या प्रवासात मला मिळालेलं हे पहिलं ज्ञान, आणि ते मी आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे जाणाऱ्याचा चपलेचा एक जोड तरी वाचेल.

मी पुण्यात भातावर संशोधन करते. असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "मग कुठला तांदूळ चांगला?" मला आंबेमोहोर आवडतो, याच्या पलीकडे माझ्याकडे उत्तर नाही. माझं काम शिजण्याच्या फार आधीचं, म्हणजे भाताच्या पेशीतलं आहे. पेशीत जनुकांची लांबलचक साखळी असते हे शाळेत सगळेच शिकतात. त्या साखळीतले काही तुकडे असे असतात की ते आपली जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसतात, किंवा आपली एक नक्कल तिथे नेऊन बसवतात. शास्त्रात त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. मी वर्गात सरळ 'उडती जनुकं' म्हणते. उडी रिकाम्या जागी पडली तर काही बिघडत नाही. कामाच्या जनुकात पडली तर ते जनुक बंद पडतं. मग एखादं पान पांढरं पट्टेदार होतं, रोप खुजं राहतं, नाहीतर बिनकुसळाच्या भाताला एकाएकी कुसळं येतात. म्हणून पेशी या तुकड्यांवर बारीक रासायनिक खुणा लावून त्यांना गप्प बसवते. एरवी ते बसतातही. पण जमिनीत मीठ वाढलं, पाणी तुटलं, ऊन भाजायला लागलं, की या खुणा सैल होतात आणि हे उठतात. घरात आजारपण आलं की पोरं मोकाट सुटतात, तसाच हा प्रकार. पेशी त्यांना ओळखून पुन्हा जागेवर बसवते, पण तोवर दोनचार उड्या झालेल्या असतात.

पालघर तालुक्यातल्या माकुणसारला खाडीकाठच्या खारवट जमिनीत एक जुना भात होतो. उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं तरी तो तग धरतो. हेमलताकाकींच्या घरचं त्याचं बियाणं मी चार वर्षं दर जानेवारीत नेत होते आणि पुण्यात कुंड्यांमध्ये लावत होते. त्याच्या पेशींमध्ये उड्यांच्या खुणा ढिगाने सापडत होत्या, पण बिघडलेलं रोप मात्र औषधालाही नव्हतं. यावरून मी एक मोठा निष्कर्ष काढला. पिढ्यान्‌पिढ्या मीठ सोसलेल्या या भाताच्या पेशींनी उड्या थांबवण्याऐवजी त्यांना वळण लावलं आहे, उडायचं तर खुशाल उडा, पण रिकाम्या जागी बसा. लेख लिहून तयार होता. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या बाईच्या हाती असा निष्कर्ष लागला की ती आरशात जरा जास्त वेळ बघते. मीही बघत होते.

एकच काम उरलं होतं. शेतातल्या उभ्या रोपांची पानं तोडल्याक्षणी गोठवून आणायची होती, कारण पान तोडणं हाही पेशीवर ताणच, आणि ती काही मिनिटांत रंग बदलते. त्यासाठी नायट्रोजन हवा. तो बोईसरला मिळतो, म्हणून मुक्काम बोईसरला. भात उभा असताना मी माकुणसारला यापूर्वी कधीही गेले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवते.

बोईसर हे बघायला जायचं गाव नाही, आणि बोईसरकरांचाही तसा दावा नाही. तारापूरच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ता माणसांनी भरून जातो, आणि त्यातली निम्मी माणसं हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेली असतात. रिक्षा ठरवण्यापासून चहात साखर कमी सांगण्यापर्यंत सगळा व्यवहार हिंदीत. हवेला रसायनांचा एक आंबूस वास असतो. दुसऱ्या दिवशी तो जाणवेनासा होतो आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली. पण लॉजसमोरच्या गाडीवर लिट्टी मिळाली, म्हणजे सारण भरून कोळशावर भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवलेला, सोबत वांग्याचं झणझणीत भरीत. आमच्या पुण्यात पाहुण्याला आणखी हवंय का हे विचारतानाही आवाज बेताचा असतो. इथे गाडीवाल्याने न विचारता तिसरी लिट्टी वाढली, आणि मी ती खाईपर्यंत समोर उभा राहिला.

त्याच्याच ओळखीने रिक्षा ठरली. रिक्षावाल्याचं नाव रामसकल, गाव गोरखपूरकडचं, इथे येऊन वीस वर्षं झालेली. भांड्याच्या झाकणाखालून निघणारी वाफ बघून त्याने विचारलं, "मैडम, इसमें चाय है क्या?"

"चाय का उल्टा है," मी म्हटलं. शास्त्रज्ञाने नेमकं बोलावं.

पालघर ते माकुणसार

उमरोळी मागे पडलं, पालघर आलं. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून पालघर कात टाकतं आहे. झेरॉक्सची दुकानं, वकिलांच्या पाट्या, फायली काखेत मारून चाललेली माणसं. त्यातून बाहेर पडून माहीमच्या रस्त्याला लागलं की मात्र डोळे निवतात. नारळ, केळी, मध्येच मांडवाखालच्या पानवेलींची गार सावली. मी रामसकलला ऐटीत सांगत होते की बघ, त्या वेलींना सावली हवी, ऊन लागलं की त्यांच्याही पेशीत गडबड. तो मान डोलावत होता. एवढ्यात एक म्हैस आडवी आली.

रामसकलने म्हैस वाचवली. भांडं कलंडलं. त्याचं झाकण मुद्दामच सैल असतं, घट्ट लावलं तर आतल्या वायूने भांडं फुटेल. मी पाय उचलून सीटवर घेतले, पण उजवी चप्पल खालीच राहिली. क्षणात रिक्षा पांढऱ्या धुक्याने भरली. रामसकल उडी मारून रस्त्यापलीकडे गेला आणि तिथून ओरडला, "मैडम, कूदो! आग लग गई!"

"आग नाही रे, थंडी आहे!" मी मराठीत ओरडले. घाबरल्यावर माझी हिंदी जाते.

पाचसहा माणसं जमली. धुकं विरलं तेव्हा खाली ना ओल, ना डाग. रामसकल वाकून बघत राहिला. "सब गया कहाँ?" चपलेचा पट्टा उचलायला गेले तर तो पापडासारखा मोडला. बोईसरला फोन केला. पुरवठादार म्हणाला, माल परवा येईल, त्याआधी थेंबही नाही. अशा रीतीने चार वर्षांच्या कामाच्या शेवटच्या टप्प्यावर मी रिकामं भांडं आणि एक चप्पल घेऊन हेमलताकाकींच्या दारात उतरले.

काकी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. वय सत्तरीच्या अलीकडे, अंगाने काटक, आणि नजर अशी की आपलं बटण तुटलेलं आहे हे आपल्याआधी त्यांना दिसतं. मुलगा-सून पालघरला नोकरीला, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. मी माझी कर्मकथा सांगितली.

"दोन दिस हाय ना? मंग ऱ्हा हितंच," काकी म्हणाल्या. "पयलं पायात काय घाल, बाय. सुनंची चप्पल हाय बग तितं."

दुपारी जेवायला भात, वालाची आमटी, सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी. भात किंचित तांबूस, दाणे लहानमोठे, चव मात्र अशी की मी तिसऱ्यांदा घेतला. पुण्यात आम्ही तांदळाला वासावरून जोखतो. या भाताला वास बेताचा, पण चावताना मागून गोडवा येतो. मी तसं म्हटल्यावर काकी नुसत्या "हां" म्हणाल्या.

संध्याकाळी शेत बघायला गेलो. दसरा होऊन गेला होता, भात निसवून लोंब्या वाकल्या होत्या. पलीकडे तिवरांची हिरवी भिंत, तिच्यामागे खाडी, आणि मध्ये काकींच्या सासऱ्यांनी घातलेला मातीचा बांध. बांधाच्या कडेला माती सुकून पांढरी झाली होती. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. मीठच. एवढ्या मिठात हे पीक एकसारखं, एका उंचीचं उभं होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. कागदावर मांडलेला माझा निष्कर्ष त्या संध्याकाळी माझ्यासमोर वाऱ्यावर डुलत होता. पेशींनी लावलेलं वळण!

बियाण्याचा तुकडा

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी विळा आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन निघाल्या. मला काम नव्हतं, म्हणून मी मागे गेले. नायट्रोजन सांडला नसता तर मी तोवर पानं गोठवून परतीच्या वाटेवर असते. हे मी नंतर कितीदा तरी स्वतःशी म्हटलं आहे.

मोठं शेत ओलांडून काकी बांधाला लागून असलेल्या एका लहान तुकड्यात उतरल्या. सगळ्यात जास्त मीठ तिथेच होतं. भात होता, पण मोठ्या शेतासारखा नाही. ओळी होत्या, प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक काटकी रोवलेली, आणि ओळी एकमेकींपासून हातभर लांब.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"बियाण्याचा तुकडा. बी हितलंच ठेवायचं. हितं जगलं ते कुठंपन जगतं."

"आणि ओळी का?"

"एका लोंबीची पोरं एका वळीत," काकी सहज म्हणाल्या आणि वाकून ओळ तपासायला लागल्या. शेवटाकडे एक रोप इतरांपेक्षा वीतभर खुजं होतं. काकींनी ते उपटलं आणि बांधावर टाकलं. मग काटकीला चिंधी बांधली.

"चिंधी कशाला?"

"ही वळ आता बियान्याला नाय. खायला."

"पण बिघडलेलं रोप तर तुम्ही काढलं. बाकीची चांगली आहेत की."

काकींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पहिलीत आहे असं मला वाटलं. "एक उनाड निघाला म्हंजे आईतच काय तरी हाय. भावंडं आज बरी दिसतात, पुडल्या साली त्यांच्या पोरांत निगंल. एक निगाला का सगळी वळ खायला. माझ्या सासूची रीत हाय ही, तिच्या सासूची पन आसंल."

मी बांधावर बसले. 

हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना दोन तास फळा खडूने भरून शिकवते. उडीने बिघडलेलं जनुक रोपात लपून राहू शकतं, कारण जोडीचं दुसरं जनुक शाबूत असतं. ते दिसतं पुढच्या पिढीत, तेही चारातल्या एखाद्यात. म्हणून घराण्यातलं एक बिघडलं तर अख्खं घराणं संशयित. काकींनी ते फळ्याशिवाय एका चिंधीत सांगितलं होतं. आणि मी चार वर्षं ज्या बियाण्याचं कौतुक करत होते ते या चाळणीतून गाळून आलेलं होतं. बिघडलेलं रोप माझ्या कुंड्यांमध्ये निघणार तरी कसं? ते इथे बांधावर उपटून टाकलेलं होतं. वळण पेशींनी लावलं होतं की काकींनी, हे सांगायला माझ्याकडे आता काहीही पुरावा नव्हता.

"काकी," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला हे मला कळलं, "चार वर्षं मी बियाणं नेते. हे तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

काकीही चढल्या. "सांगायचं काय त्यात? तांदूळ धुतल्याबिगर शिजवतं काय कोन? धुतलं म्हनून सांगत बसतं काय? तू बियानं मागितलं, मी बियानं दिलं. चांगलं निवडून दिलं. वायटं देऊ व्हय तुला?"

 त्यांनी मला पाहुणीचा मान राखून घरातलं उत्तम ते दिलं होतं, आणि त्या उत्तमाने माझा लेख पार निकालात काढला होता.

बांधावर उनाड रोपं सुकत पडली होती. मी एकेक उचलून बघितलं. एक खुजं. एकाच्या पानावर पांढरे पट्टे. एकाच्या लोंबीला लांब कुसळं. एकाची लोंबी पोचट, दाणाच भरलेला नाही. चार वर्षं कुंड्यांमध्ये न सापडलेलं सगळं तिथे एका हाताच्या मुठीत मावत होतं.

"आणि ज्या ओळी खायला जातात," मी हळूच विचारलं, "त्यांचं भात कुठे असतं?"

"खायच्या कनगीत. काल ज्येवलीस ना? तोच."

म्हणजे जे मी शोधत होते ते मी आदल्या दुपारी वालाच्या आमटीबरोबर तीनदा वाढून घेतलं होतं.

माहीमचा किनारा

संध्याकाळी मला एकटीला कुठेतरी जायचं होतं. काकींनी शेजारच्या एकाला सांगून मला स्कूटरवरून माहीमला सोडायला लावलं. किनाऱ्यावर ओल्या बोंबलांची तोरणं बांबूंवर वाळत होती. त्यांच्या सावलीत कोळी बायका गप्पा मारत बसल्या होत्या. मी नुसतीच उभी राहिलेली बघून त्यातली एक म्हणाली, "घ्यायचे हायत काय बोंबील? का नुसता वास घ्याला आल्याव?"

मी म्हटलं, आज वासच परवडतो. ती हसली आणि शेजारची गोणी सरकवून बसायला जागा दिली. कुणाची मी, कुठली मी, काही विचारलं नाही. पुण्यात अनोळखी बाईला बसायला जागा मिळते, पण आधी आडनाव द्यावं लागतं.

तिथून मी माझ्या सहकाऱ्याला फोन केला. लेखावर माझ्यानंतर त्याचं नाव होतं. सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, उड्या आहेत हे खरं आहे. बिघडलेली रोपं तुझ्या कुंड्यांमध्ये निघाली नाहीत हेही खरं आहे. तू खोटं एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. ती बाई काय करते हे कोणाला कळणार आहे?"

मला हे वाक्य आवडलं, हे कबूल करते. त्या क्षणी मला ते फार आवडलं. लेख गेला तर हातात काही राहत नव्हतं, नव्याने सुरुवात करायला तीन वर्षं, आणि एकेक पिढी उगवायला निम्मं वर्ष. शिवाय त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मी समुद्राकडे बघत बसले. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात एका अंगावर कलल्या होत्या. कोळीण बोंबील उलटत होती. मी मनात लेखाचं पहिलं वाक्य म्हणून बघितलं: 'या भाताच्या पेशींनी उड्यांना वळण लावले आहे.' आणि मला काकी दिसल्या, वाकून, हातात चिंधी. ते वाक्य मला पुढे म्हणताच येईना. मला लाज वाटली. काकींची मेहनत मी पेशींच्या नावावर लावून दिली होती, आणि स्वतःच्या नावावर छापणार होते.

"मला कळणार आहे," मी फोनवर म्हटलं. "लेख पाठवू नकोस."

मग मी पावशेर बोंबील घेतले.

पुन्हा तुकड्यात

रामसकल तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता आला. पुरवठादाराला त्यानेच गाठलं होतं. पहिल्या दिवशी परत जाताना नेलेलं रिकामं भांडं त्याने भरून आणलं होतं, आणि रिक्षाच्या जुन्या टायरमध्ये बसवून चारही बाजूंनी गोणपाट कोंबलं होतं. "अब भैंस आए चाहे हाथी," तो म्हणाला. मी ज्या संस्थेत काम करते तिथे अशा भांड्यासाठी बसकण बनवायचा प्रस्ताव दोन वर्षं पडून आहे.

काम मात्र आता वेगळं होतं. मी काकींना म्हटलं, मला प्रत्येक ओळीचं पान हवं. चिंधीची ओळ, बिनचिंधीची ओळ, सगळ्या. शिवाय चिंधीच्या ओळींचं भात वेगवेगळं बांधून हवं, यावर्षी खायला नाही. काकींनी भुवया चढवल्या.

"उनाडाचं बी नेतेस? लोकं हसतील तुला."

"हसू द्या."

"लाव मंग. पन माझ्या तुकड्यातलं म्हनून सांगू नको."

आम्ही दोघी ओळीने निघालो. मी पान तोडायची, नायट्रोजनमध्ये बुडवायची, पिशवीवर आकडा घालायची. काकी चिंध्या बांधायच्या. सुरुवातीला मी प्रत्येक चिंधीचं कारण विचारत होते. पाचव्या ओळीला काकी वैतागल्या. "सगळ्याचं कारन सांगत बसू तर भात कवा कापू? दिसतं ते दिसतं." मग मी विचारणं सोडलं. अकरा ओळींना चिंध्या बांधल्या गेल्या. काही ओळींत मला काडीचाही फरक दिसला नाही, आणि मी तीस वर्षं भात बघते आहे.

जेवताना काकींनी विचारलं, "तुज्या त्या मशिनीत काय दिसतं?"

मी सांगितलं. पेशीत उनाड तुकडे असतात, मीठ वाढलं की ते उठतात, पेशी त्यांच्यावर खूण लावून त्यांना बसवते.

काकी घास हातात धरून ऐकत होत्या. "आणि खूण लावूनपन एखादा उठला तर?"

"तर रोप बिघडतं."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "ती आत बगते, मी भायेर बगते." आणि त्यांनी मला बोंबील वाढले.

इतक्या वर्षांत माझ्या विषयावर मी अनेक चर्चासत्रं ऐकली. कोणाही वक्त्याने मला तेव्हासारखं जेवण थांबवून वही काढायला लावलं नव्हतं. भात आपला बचाव स्वतः करतो एवढंच मी धरून चालले होते. काकींच्या घरचा भात दोघींच्या राखणीत वाढलेला होता, आणि त्यातल्या एकीला मी मोजलंच नव्हतं.

पुणे

परतल्यावर सहकारी आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलला. मग कापणीनंतर काकींनी पाठवलेलं चिंधीच्या ओळींचं भात कुंड्यांमध्ये उगवलं आणि तो रोज सकाळी माझ्याआधी हरितगृहात जायला लागला. पांढरे पट्टे, खुजी रोपं, वाकडी पानं. आमचा जुना लेख तिथेच, सगळ्यांच्या देखत मोडला, आणि आम्ही दोघं कुंड्यांभोवती पोरांसारखे हिंडत होतो.

खरी परीक्षा पानांची होती. प्रत्येक ओळीच्या पेशींत उडी कुठे पडली आहे ते यंत्राने वाचून काढलं. बिनचिंधीच्या ओळींमध्ये उड्या होत्या, पण कामाच्या जनुकात पडलेली एकही नव्हती. चिंधीच्या अकरापैकी दहा ओळींमध्ये कामाचं जनुक मोडलेलं होतं. मला जिथे डोळ्यांनी काही दिसलं नव्हतं, तिथेसुद्धा. काकींना दिसलं होतं. अकरावी ओळ मात्र स्वच्छ निघाली. पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, तरी स्वच्छच.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दहांत काकी बरोबर, पण एकीत यंत्र सरस. माणसाच्या नजरेला मर्यादा असते, असं एक समजूतदार वाक्यही मी लेखासाठी रचून ठेवलं. मग काकींना फोन लावला. खुशाली विचारली, निकाल सांगितला, आणि जरा सांभाळून घेत म्हटलं, "पण काकी, एक ओळ तुम्ही उगाच काढलीत बरं का. बांधाकडून तिसरी. तिच्यात काहीच बिघाड नाही."

"तिसरी?" काकी म्हणाल्या. "ती बिगडलेली कुठं व्हती? तिला खालून उंदरानं कुरतडलेली. बी नीट भरलं नाय म्हनून काढली. तू इचारलंस कुठं?"

मी विचारलं नव्हतं. समजूतदार वाक्य मी तिथल्या तिथे खोडलं.

मग म्हटलं, "काकी, तुमचं पूर्ण नाव सांगा. नवा लेख लिहिते आहे, त्यावर पहिलं नाव तुमचं घालणार."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"नाव मागून सांगते," काकी म्हणाल्या. "आदी ते लिवलेलं घेऊन ये, आणि मला वाचून दाखव. पटलं तर नाव घाल. नाय पटलं तर चिंधी बांदीन."

लेख अजून लिहून व्हायचा आहे. मी प्रत्येक वाक्य दोनदा तपासते आहे, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच मला परीक्षकाची भीती वाटते आहे.